अप्पांचं तिकीट

संगीतानं घरात सांगितलं होतं, की धारवाडला मळमड्डीत भारतीकडे पूजा आहे, जेवूनच येईन. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिनं एका खोट्याच्या जागी तीन सांगितली. भारतीच्या नणंदा आल्यात, स्वयंपाकाला हात लावायचाय, आणि येताना नवनगरात एका गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायचाय. अंबूताईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भारतीसाठी म्हणून शेंगांच्या, म्हणजे दाण्यागुळाच्या, पोळ्यांचा डबा तिच्या पिशवीत ठेवला. तो डबा मांडीवर घेऊन संगीता आता हिरेमाळच्या विमानतळावर बसली होती, आणि ज्या विमानानं ती हैदराबादला जाणार होती ते अजून हैदराबादहून निघालंच नव्हतं.

हिरेमाळला हुबळीची माणसं अजून कॅम्पच म्हणायची. युद्धाच्या काळात लष्करानं तो माळ ताब्यात घेऊन धावपट्टी बांधली, पुढं कितीतरी वर्षं तिथं विमानदळाचा तळ होता. विमानदळ गेलं तशी बाभळी माजल्या, मोर फिरायला लागले. मग कधीतरी सरकारला जाग आली. आधी फुलं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग नेणारी मालाची विमानं सुरू झाली आणि मागाहून माणसांची. माणसांसाठी नवी इमारत बांधायची होती, ती अजून बांधायचीच होती. तोवर जवानांच्या जुन्या जेवणघरालाच रंग देऊन आत खुर्च्या मांडल्या होत्या. हातभर जाडीच्या दगडी भिंती, आणि खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर. बाँब पडला तर काचा अंगावर येऊ नयेत म्हणून त्या तशा ठेवल्या होत्या म्हणे. आत बसलेल्याला बाहेरचं विमान नुसतं ऐकू यायचं, दिसायचं नाही.

आज ऐकूही येत नव्हतं. सकाळी उतरलेल्या मालाच्या विमानाची चाकं फुटली होती आणि ते धावपट्टीच्या मधोमध बसलं होतं. धावपट्टी एकच. ध्वनिक्षेपकावरून तीन भाषांत 'तांत्रिक कारण' सांगून झालं, पण खरं काय ते दारावरच्या हवालदारानं, हणमंतनं, सांगितलं.

"मधेच बसलंय बघा अक्का, म्हशीगत. उचलायचा जॅक बेंगळूरहून यायचाय. तो आल्याबगर हलत नाही."

"मग बाहेर जाऊन येता येईल का?"

"जावा की. पण परत यायचं तर सगळं पहिल्यापासनं. आणि मधेच विमान आलं तर मला विचारू नका."

संगीता बाहेर जाणार नव्हतीच. तिनं सहज विचारलं होतं. उलट तपासणीच्या चौकटीच्या आत आल्यावर तिला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला होता. पिशवी यंत्रातून गेली, अंगावरून ती पट्टी फिरवली, शिक्का बसला, आणि तिला वाटलं, संपलं. इथं तिकिटाशिवाय कुणाला येता येत नाही. फोन तिनं आवाज बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला होता. तो मधून मधून थरथरायचा.

संगीता गडहिंग्लजची. मिरजेला डोळे तपासायचा कोर्स करून तिथंच एका दवाखान्यात कामाला लागली होती. हुबळीच्या बाळकृष्ण अण्णांच्या मुलाचं, किरणचं, स्थळ आलं आणि ती लग्न करून इकडं आली. बाळकृष्ण अण्णांचं घराणंही मूळचं तिकडचंच. आजोबांच्या काळात पितळी भांड्यांचा धंदा घेऊन हुबळीच्या बाजारात आलेलं. लग्नाला तीन वर्षं होत होती तेव्हा किरण डेंग्यूनं गेला. दिवस झाल्यावर संगीताचे वडील तिला न्यायला आले. बाळकृष्ण अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाले, "मुलगा गेला. आता मुलगी नेऊ नका."

वडील तिला तिथंच ठेवून गेले. ती राहिली.

तिला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. पांढरं नेस म्हणालं नाही, हळदीकुंकवाला जाऊ नको म्हणालं नाही. बाजारात कुणीही भेटलं की म्हणायचं, असा सासरा मिळायला भाग्य लागतं. आणि ते खरंच होतं, हीच पंचाईत होती. मिरजेच्या दवाखान्यानं परत बोलावलं तेव्हा अंबूताई रागावल्या नाहीत, पण त्यांना अन्न जाईना, आणि डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. नाटक नव्हतं ते, रक्तदाब खरोखरच वाढला होता. दुसऱ्यांदा तिनं बेळगावच्या नोकरीचा विषय काढला. सासऱ्यांनी, घरात त्यांना अप्पा म्हणायचे, दोन दिवस विचार केला आणि भांड्यांच्या दुकानाचा दर्शनी कोपरा मोकळा करून तिला चष्म्यांचं काउंटर घालून दिलं, वर तिच्या नावाची पाटी. "आता तुला कुठं जायला नको," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की संगीतानं वाकून नमस्कार केला. तिसऱ्या वेळी तर तिनं नुसतं, मला जरा बाहेर पडावंसं वाटतं, एवढंच म्हटलं होतं. त्यांनी तिला स्कूटर घेतली. स्कूटरवरून ती लॅमिंग्टन रोडला पोचायच्या आत फोन यायचा, पोचलीस काय? आणि ती परत येईपर्यंत दोघं म्हातारी ताटं वाढून बसलेली असायची, न जेवता.

म्हणून ह्या वेळी तिनं विचारलंच नाही. मिरजेच्या वर्गातली मैत्रीण पूजा हैदराबादला चष्म्याचं दुकान आणि डोळे तपासायची खोली काढत होती. अर्धी जबाबदारी तू घे म्हणाली. संगीतानं डोळे तपासायचं आपलं यंत्र पेटीत भरून आदल्या दिवशी मालाच्या विमानासाठी दिलं, तिकीट काढलं, आणि ठरवलं, की पोचल्यावर तिकडून फोन करायचा. तोंडावर सांगायला गेलं की आपण हरतो, हे तिला आता पुरतं कळलं होतं.

दुपार कलायला लागली. पंखे नुसते गरम हवा इकडची तिकडं करत होते. एक बाई लेकराला घेऊन येरझाऱ्या घालत होती, कुणी खुर्च्यांवर आडवं झालं होतं. तेवढ्यात तपासणीच्या चौकटीपाशी काहीतरी गडबड ऐकू आली. संगीतानं मान वळवली. चौकटीतून अप्पा येत होते. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातानं पँट धरलेली, बुटांचे बंद सुटलेले आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात विमानाचा पास.

तिकिटाशिवाय आत येता येत नाही, ह्याच भरवशावर ती बसली होती. तिकीट काढता येतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अप्पांनी शेजारच्या खुर्चीवर बसून आधी सावकाश पट्टा लावला, मग बुटांचे बंद बांधले. ते बाहत्तर वर्षांचे होते आणि वाकताना त्यांना धाप लागत होती. "अमितचा फोन आला होता," ते म्हणाले. अमित मालाच्या कचेरीत होता. अप्पांच्या समया त्याच्याच हातून बाहेरगावी जायच्या. "म्हणाला, वहिनींची हैदराबादची पेटी आज जाणार नाही, धावपट्टी बंद आहे, त्यांचं विमानही अडकलंय. उगीच काळजी करू नका म्हणून सांगतोय. चांगला पोरगा आहे."

"अप्पा, मी फोन करणारच होते. तिकडं पोचल्यावर."

"हो की. केला असतासच तू." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "घाबरू नकोस. मी अडवायला आलो नाही. मी कोण तुला अडवणार? सोडायला आलोय."

"सोडायला?"

"मग? एवढ्या लांब एकटी कशी जाशील? अंबूशी बोलूनच निघालो. आधी रडली, मग म्हणाली, जाऊ दे, पोरीच्या मनात आहे तर जाऊ दे. मग आम्ही विचार केला." ते तिच्याकडे जरा सरकून बसले, एखादी आनंदाची गोष्ट सांगावी तसे. "दुकान भीमसेनला चालवायला देऊन टाकतो. पुतण्या आहे, घरचाच आहे. आज तुझी जागा बघतो, आसपास दोन खोल्या मिळतात काय बघतो. दसऱ्यापर्यंत आम्ही दोघं येतो तिकडं. तू जिथं तिथं आम्ही. इथं राहून तरी काय करायचंय आम्हाला?"

संगीतानं वर बघितलं. उंच खिडक्यांच्या जाळीतून आभाळाचे चौकोनी तुकडे दिसत होते. तिला हैदराबादच्या त्या दोन खोल्या दिसल्या. त्यात हुबळीचा झोपाळा, हुबळीची जेवायची वेळ, वाढून ठेवलेली ताटं. ती जगाच्या पाठीवर कुठंही गेली असती तरी ही दोन माणसं प्रेमानं बोचकं बांधून मागून आली असती.

"अप्पा, तुम्ही येऊ नका."

"आज नको तर राहू दे. तसं मी सामानही आणलं नाही."

"दसऱ्यालाही नको."

"बरं, दिवाळीनंतर बघू."

"कधीच नको. म्हणजे, पाहुणे म्हणून या. चार दिवस या. पण राहायला नको. मला एकटीला राहायचंय."

अप्पांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कुणी आहे काय? असेल तर सांग बाळ. मी स्वतः उभा राहून लग्न लावून देईन. लोक काय म्हणतील ते म्हणू देत."

"कुणी नाही."

"मग एकटी कशाला?"

ते खरोखरच विचारत होते. त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांना कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं. मग ती एकदम म्हणाली, "माझ्या खोलीला कडी नाही, अप्पा."

"कसली कडी?"

"आतली. किरण गेला तेव्हा तुम्ही सुताराला बोलवून काढून घेतली. मी जिवाचं काही बरंवाईट करीन म्हणून. सात वर्षं झाली. ती परत लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी साडी बदलते तीसुद्धा दाराला पाठ लावून."

"ते आपलं काळजीनं केलं होतं ग."

"माहितीय."

"तू बोलायचंस एकदा. उद्या लावून देतो." आणि ते म्हणताना त्यांनाच त्याचा उपयोग नाही हे जाणवलं असावं, कारण ते मधेच थांबले. "आमचं काही चुकलं काय?"

"काही चुकलं नाही. चुकलं असतं तर मी केव्हाच गेले असते. भांडून गेले असते."

"म्हणजे आम्ही चांगलं वागलो हे वाईट झालं?"

आता जर ती रडली तर ते तिच्या डोक्यावर हात ठेवणार, आणि हात ठेवला की ती परत घरी जाणार, हे तिला लख्ख दिसलं. तिनं डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"मला तुमच्याबरोबर राहायचं नाही," ती म्हणाली.

अप्पा उठले आणि सरळ दाराकडे निघाले.

हणमंतनं त्यांना अडवलं. "यजमान, असं जाता येत नाही. तिकीट काढून आत आलाय तुम्ही. कंपनीच्या माणसानं येऊन यादीतून तुमचं नाव काढायला पाहिजे, मग सोडतो."

"मग बोलवा त्याला."

"सगळे धावपट्टीवर आहेत. येतील तवा येतील."

संगीतानं इतक्या वर्षांत अप्पांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो तिनं आता ऐकला, कानडीत. मी काय चोर आहे काय, मला माझ्या घरी जायचंय, मला आत्ताच्या आत्ता बाहेर जायचंय! आडवे झालेले लोक उठून बसले. हणमंतनं नुसते हात जोडले. अप्पा दाराशी उभे राहिले, एकदा काचेपलीकडच्या रिक्षांकडे बघितलं आणि मागं फिरले. संगीताच्या बाजूला आले नाहीत. अगदी त्या टोकाच्या खुर्चीवर, तिच्याकडे पाठ करून बसले.

ह्यापेक्षा वाईट काही संगीताला आठवत नव्हतं. जे तोंडातून काढायला सात वर्षं लागली ते निघालं होतं, आणि निघाल्यावर दोघांपैकी कुणालाच कुठं जाता येत नव्हतं. बोलणं परत घेता येत नाही, बाहेर पडता येत नाही, विमान येत नाही. ती पाठ तिला दिसत राहिली. शर्टावर घामाचा ओला डाग हळूहळू पसरत होता. आपण जाऊन माफी मागावी, सगळं मागं घ्यावं आणि ह्या म्हाताऱ्या माणसाला रिक्षात बसवून घरी न्यावं, असं तिला कितीदा तरी वाटलं. ती दोनदा अर्धी उठली आणि परत बसली.

डाग मोठा व्हायला लागला तसं तिच्या लक्षात आलं, की हा नुसता उकाडा नाही. पंखा तर त्यांच्या बरोबर डोक्यावर होता. अप्पांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरत होता. सकाळची मधुमेहाची गोळी घेतली असणार, आणि अमितच्या फोननंतर पोटात काही न ढकलता तसेच निघाले असणार. ती धावतच गेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घामाचे थेंब, आणि तिला कुठंतरी पाहिलंय अशा नजरेनं ते तिच्याकडे बघत होते.

तिनं डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला. "चावा अप्पा. चावा." लेकरू घेतलेली बाई पाणी घेऊन आली. हणमंत चहाच्या गाड्यावरून मूठभर साखर घेऊन आला. दुसरी पोळी संपेपर्यंत हात थांबला, डोळ्यांत ओळख आली.

आणि तेव्हा संगीता खऱ्या अर्थानं घाबरली. आता कशी जाणार? ह्या माणसाला इथं असा टाकून कुठल्या तोंडानं विमानात बसायचं? सगळीकडून दार लागत आल्यासारखं तिला वाटलं, आणि लावणारं कुणीच नव्हतं.

अप्पांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. तिच्याकडे न बघता म्हणाले, "हे मी मुद्दाम केलं नाही."

"माहितीय मला."

"अंबूचं पण तेव्हा मुद्दाम नव्हतं."

"ते पण माहितीय."

बराच वेळ ते पोळीचे कण शर्टावरून वेचत राहिले. "मी बरा आहे आता," ते म्हणाले. "डबा इथं ठेव. तू तिकडं जा. आपल्या जागेवर जाऊन बस."

"मी इथंच बसते थोडा वेळ."

"नको." आवाज दुखावलेला होता, पण ठाम होता. "जा म्हणतोय ना. तू इथं बसलीस तर मी परत काहीतरी बोलेन."

ती उठली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मधल्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या ओलांडून तिला त्यांचा हात दिसत होता, स्थिर.

उन्हं उतरली तेव्हा जॅक आला. भिंतींच्या पलीकडे बराच आरडाओरडा झाला, मग कसलंतरी जड यंत्र घरघरत गेलं. मग कितीतरी वेळानं, छपराला हादरा देत, एक विमान उतरलं. हॉलमधले लोक टाळ्या वाजवायला लागले. कंपनीची मुलगी घामाघूम होऊन आली आणि हणमंतनं तिला आधी अप्पांकडे नेलं. बरोबर एक साहेब होता, त्यानं कागद पुढं केला.

"प्रवास का करत नाही आजोबा? तब्येत?"

"तब्येत चांगली आहे."

"मग कारण काय लिहू? आणि त्या तिकडच्या बाई तुमच्या कोण?"

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. भानावर आल्यानंतर पहिल्यांदाच सरळ बघितलं. "सून आहे," ते म्हणाले. "कामाला चाललीय हैदराबादला. मी सोडायला आलो होतो."

"सोडायला कुणी तिकीट काढून आत येतं काय?"

"आम्ही येतो," अप्पा म्हणाले.

हणमंत हसला, साहेबही हसला. संगीता पुढं झाली तोवर हणमंतनं त्यांच्या कोपराला धरून दाराकडे चालायला सुरुवात केली होती, आणि मधे प्रवाशांना अडवणारी दोरी होती. ती दोरीच्या अलीकडूनच नमस्काराला वाकली. अप्पांनी हात अर्धा वर उचलला, नेहमीचा आशीर्वाद मात्र तोंडातून आला नाही. "घरी गेल्यावर आधी जेवा," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि बाहेर गेले.

विमानात तिला मधली जागा मिळाली. दोन्हीकडे माणसं, पुढं पाठ, वर छप्पर. विमान उडालं तेव्हा तिला आनंद झाला नाही. हुंदका आला, आणि शेजारच्या गृहस्थांनी, पहिल्यांदा बसताय काय, घाबरू नका, म्हणून तिला गोळी देऊ केली. तिनं ती घेतली.

पुढं अंबूताईंचा फोन रोज यायचा, मग एक दिवसाआड, मग आठवड्यानं. त्या आधी रडायच्या आणि मग भाज्यांचे भाव सांगायच्या. अप्पा फोनवर आले नाहीत. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. घरी गेल्यावर रात्रभर बसून होते, एवढंच अंबूताईंनी एकदा सांगितलं. संगीतानं ते ऐकलं, आणि त्या दिवशी तिच्याकडून दोन गिऱ्हाइकांचे नंबर चुकले.

उन्हाळ्यात दोघं आली, चार दिवसांसाठी. परतीचं आरक्षण अप्पांनी आल्याआल्या तिच्या हातात दिलं, हिशेब चुकता करावा तसं. त्या चार दिवसांत ते तिच्या दुकानात जाऊन बसले, पूजाशी गोडीनं बोलले, चारमिनार बघून आले. संध्याकाळी ती उशिरा परतली तर दोघं जेवून घेत. ते तिला बघवत नसे, आणि हवंही असे.

पाचव्या दिवशी तिनं त्यांना गाडीत बसवलं आणि घरी येऊन तशीच गादीवर पडली. जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. खालच्या गल्लीत कुणी लोखंडी शटर ओढत होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती उठली नाही. ही शांतता आपल्याला आवडते की नाही, हे तिला अजून सांगता आलं नसतं, पण ती पडून ऐकत राहिली.